तीन सूत

३ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

एवढी छोटी केस कशाला हवी, असं चष्मिशने मला विचारलं. माझं टेबल लहान आहे हे खरं. पण केस टेबलाखालीसुद्धा ठेवता येते आणि माझ्या टेबलाखाली चपलांशिवाय काही नसतं. चष्मिश म्हणजे आमच्या कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसला. शेवटी मी म्हटलं, "हवी आहे." तो म्हणाला, "हे कारण नव्हे, हा हट्ट झाला."

आधी सगळं सांगते. मी माझ्या खोलीवर स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडणार आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींसाठी मला धडे बोलून ध्वनिमुद्रित करायचे आहेत. म्हणजे त्या भांडी घासता घासताही ऐकू शकतील. कचेरीतल्या मशीनवर हे चालत नाही. आतले भाग जमले आहेत, आता ते सगळे बसतील अशी केस निवडायची आहे. दुकानात तीन पाहिल्या. एक उभी, एका बाजूला काच असलेली; आतले दिवे दिसतात, पण मला दिवे नकोत. एक पाटासारखी चपटी. तिच्यात पंखा मावत नाही. तिसरी बुटांच्या खोक्याएवढी, चारी बाजूंनी जाळी. चष्मिश म्हणतो, केस छोटी घेतली की आत गरम होतं, वायर दुमडायला जागा राहत नाही आणि एखादा भाग केसभर मोठा निघाला तरी सगळं अडतं. तरी माझं मन त्या तिसरीकडेच जातंय.

वहिनी, हे तुम्ही बाबांना मोठ्याने वाचून दाखवत असाल. जसंच्या तसं वाचा, ही विनंती. गेल्या वेळच्या उत्तरात "तब्येतीला जप, वेळेवर जेवत जा" असं होतं. बाबा असं बोलत नाहीत.

तुमची,
मास्तरीण


१० फेब्रुवारी

ताई,

बाबा सांगताहेत आणि मी लिहितेय. जसंच्या तसं.

"पोरी, कुणावर केस टाकलीस?"

मी कानाशी जाऊन ओरडले, "कोर्टाची नाही हो!" तर म्हणाले, "मग केस कापले का तिने? कशाला? चांगले कमरेपर्यंत होते." चाळीस वर्षं पत्रा ठोकून त्यांचे कान गेले, हे तुम्हाला काय सांगायचं. शेवटी मी एक डबा आणला, त्यात रेडिओ घातला, झाकण लावलं आणि बोट दाखवलं: ही केस. तेव्हा कुठे हसले. आता पुढचं त्यांचं.

"डबा म्हण की मग! इतकी वर्षं कॉलेजात घालवून डब्याला केस म्हणायला शिकलीस. पत्र्याचं काम करणाऱ्याच्या लेकीने पत्र्याचा डबा दुकानातून आणायचा? लोक मला काय म्हणतील? ती जाळीबिळी राहू दे. माप पाठव. आतलं माप, आत काय बसवायचं ते. बाहेरचं आम्ही बघतो. माझा हात आता थरथरतो, मी फक्त खडूने रेघ मारतो. कात्री तुझी वहिनी धरते. हात बसलाय तिचा. कड दुमडली की हाताला लागत नाही."

हे शेवटचं लिहायला मला लाज वाटत होती, पण तुम्ही जसंच्या तसं म्हणालात.

आता माझं. शाळेने तीस पेट्या सांगितल्या आहेत, खडू आणि पट्ट्या ठेवायला. बाबा म्हणाले, या सगळ्या तू कर, मी नुसता बसून बघतो. मला धड झोप लागत नाहीये. आणखी एक. तुमची जुनी दप्तराची पेटी माळ्यावर होती, ती मी हत्यारं ठेवायला घेतली. चालेल ना?

वहिनी

(तब्येतीचं गेल्या वेळी मीच घातलं होतं. चुकलं. पण जेवत जा वेळेवर.)


१५ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

वहिनी, पेटीचं म्हणाल तर वापरा. घेऊन झाल्यावर विचारायचं कशाला, एवढंच कळलं नाही.

बाबा, वहिनी पत्रा कापतात, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. दादा गेल्या महिन्यात ट्रक घेऊन इकडून गेला, माझ्या दारात उभं राहून चहा प्यायला, पण तोही काही बोलला नाही. मी नऊ वर्षांची असताना तुमची कात्री उचलली होती, आठवतं? मोठी होती, दोन्ही हातांनी धरावी लागली. तुम्ही ती माझ्या हातातून सोडवून घेतलीत आणि म्हणालात, "हे हात पुस्तकाचे आहेत, पत्र्याचे नाहीत." मग मला उंबऱ्यावर बसवलंत. तेव्हापासून मी उंबऱ्यावर. गिऱ्हाईक माप सांगायचं, मी वहीत लिहायचे. तुम्ही आत ठोकत असायचात. मला आतला तो ठोकठोक आवाज पाठ आहे. आत काय चालतं ते मात्र मी कधी जवळून पाहिलं नाही.

मी तक्रार करत नाही. त्या उंबऱ्यावर बसूनच मी शिकले आणि आपल्या घरातली पहिली पदवी आणली. बाईने कुठलंही काम शिकावं, हे मी चारचौघांत मोठ्या आवाजात सांगत असते. तेव्हा वहिनी आठवीतून शाळा सुटल्यावर आता हे शिकताहेत, याचा मला आनंद व्हायला हवा. होईल. थोडा वेळ द्या.

एवढंच विचारते, त्यांचे हात कशाचे आहेत?

डब्याची खरं तर गरज नाही. दुकानात मिळते आहे. पण तुम्ही म्हणता तर माप देते, तुमच्याच हिशेबाने, इंचाला आठ सूत.

मुख्य बोर्ड चौरस, ६ इंच ६ सूत. तो पितळी खुंट्यांवर बसतो, खाली २ सूत मोकळी जागा. वीज पुरवणारा डबा ५ इंच बाय ४ इंच, जाडी अडीच इंच. तो बोर्डाच्या शेजारी बसेल. बोर्डापासून त्यावरच्या पंख्याच्या टोकापर्यंत उंची ३ इंच ३ सूत. हवेसाठी दोन बाजूंना भोकं हवीत. आतलं माप आहे, तुम्ही म्हणालात तसंच.

तुमची,
मास्तरीण


१ मार्च

ताई,

डबा तुमच्या दादांच्या ट्रकमधून येतोय. गोधडीत गुंडाळलाय, दोरी सोडताना सांभाळून.

बाबांनी तुमचं माप माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि जमिनीवर खडूने डबा काढला. काढून झाल्यावर बघत बसले. म्हणाले, "अगं, हे तर मास्तरणीच्या दप्तरपेटीचं माप! बोटभर इकडेतिकडे." मी पेटी रिकामी करून त्या रेघांवर ठेवली. खरंच बसली. तुम्ही पहिलीत जाताना ती त्यांनी केली होती ना? मला सांगत होते, पेटी डोक्यावर घेऊन तुम्ही सगळ्या गल्लीतून फिरून आलात आणि शाळेत उशिरा पोचलात.

भोकं मी पाडली. एका बाजूला एकशेवीस, दुसऱ्या बाजूलाही तेवढीच. बाबा म्हणाले, नुसती भोकं काय, काहीतरी नक्षी कर. मग मी पुस्तक उघडं ठेवल्यासारखी केली. जवळून नाही दिसत, लांबून बघा. एक रेघ जरा हलली होती म्हणून ती अख्खी बाजू टाकून पुन्हा कापली. बाबा ओरडले नाहीत. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसले. तुम्हाला माहीतच असेल, अंगठा फिरवून गप्प बसले की काम पसंत.

मला रडू आलं. वेडेपणा.

तुमच्या मुलींना सांगा, हा डबा त्यांच्यासारख्याच एकीने केलाय.

वहिनी


६ मार्च

बाबा,

डबा मिळाला. दिसायला चांगला आहे. पण झाकण बसत नाही, पंख्याला टेकतं. तीन सूत कमी पडताहेत. माप कुठेतरी चुकलेलं दिसतं.

असू दे, मनाला लावून घेऊ नका. दुकानातली जाळीची केस मी मागच्याच महिन्यात आणून ठेवली होती. ती वापरेन.

अंगठा फिरवल्याचा अर्थ मला माहीत नव्हता. माझ्या वहीवर तुम्ही कधी अंगठा फिरवला नाहीत.

मास्तरीण


१४ मार्च

पोरी,

तुझी वहिनी लिहितेय, पण बोलतोय मी. तिला सांगितलंय, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही.

तुझा आकडा चुकणार नाही. बारा वर्षं माझी मापं तू लिहिलीस, एक डबा परत आला नाही. लोक म्हणायचे, पोरीच्या वहीवर काय जातोस, स्वतः मोजून घे. मी म्हणायचो, माझा डोळा चुकेल, तिचा आकडा नाही. मग आता चुकलं कुठे? तर कापण्यात, नाहीतर वाचण्यात. मी हिला म्हटलं, ते पत्र आण, मला दाखव. मला अक्षर येत नाही पण आकडा येतो. ही म्हणाली, पत्र चुलीत गेलं, माझ्याच वाचण्यात गफलत झाली असेल. मी म्हटलं, तीन सुतांची गफलत? मग शाळेच्या तीस पेट्या वाकड्या निघाल्या तर माझं नाव राहील का? कात्री काढून घेतली. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग ते काम पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराला देऊन टाकतो.

शिकलेल्या हाताची गोष्ट वेगळी. तू असतीस तर हे झालं नसतं.

बाबा

ताई, वरचं सगळं त्यांचं. जसंच्या तसं.

पत्र चुलीत गेलेलं नाही, माझ्याकडे आहे. त्यात ३ इंच ३ सूत आहे. पुन्हा पुन्हा बघितलं, उजेडात नेऊन बघितलं. मी तीन वाचलं आणि तीनच कापलं. त्यांना आकडा वाचता येतो म्हणूनच दाखवलं नाही. त्यांना तुमच्या वहीचा केवढा अभिमान आहे, तुम्ही लांब असता म्हणून तुम्हाला कळत नाही. रोज एकदा तरी त्या वहीची गोष्ट निघते. ती मोडून मी काय मिळवू?

तुमची पेटी पुसून माळ्यावर ठेवली आहे.

वहिनी


२६ मार्च

वहिनी,

हे पत्र फक्त तुमचं आहे. बाबांना वाचून दाखवायचं नाही.

तुमचं पत्र आल्यापासून मी चार पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येक पत्रात "घाईत" असा शब्द यायचा. घाईत लिहिताना, घाईत उतरवताना. मी घाईत नव्हते. रविवार होता, सकाळची वेळ होती आणि मला दुसरं काहीच काम नव्हतं.

पट्टी घेऊन मी नीट मोजलं आणि एका चिठोऱ्यावर लिहिलं: ३ इंच ६ सूत. तो चिठोरा अजून आहे. मोजताना हसूही आलं होतं. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले, आपल्या दोघींमधला छत्तीसचा आकडा! मग पत्र लिहायला बसले. त्यांचे हात कशाचे आहेत, असं विचारून झालं होतं आणि माझं डोकं तापलं होतं. माप उतरवताना सहाच्या जागी पुन्हा तीन पडला. इथपर्यंत हाताची चूक म्हणता येईल. पण मला ती दिसली. पेन हातात होतं, नुसता सहा गिरवायचा होता. मी त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मनात आलं, बघू या हात किती बसलाय. मग पाकीट चिकटवलं.

तुम्ही वाईट कापावं असं मला वाटत होतं. तुम्ही इतकं चांगलं कापलंत की चूक फक्त माझीच उरली.

डबा उघडला तेव्हा मी भोकांची नक्षी लांबून पाहिली. पुस्तक दिसलं. तरी ते सहा तारखेचं पत्र लिहिलं. "माप कुठेतरी चुकलेलं दिसतं." कुणी चुकवलं, ते त्या वाक्यात कुठेच नव्हतं. शुद्धलेखन मात्र बिनचूक. मग बाबांचं उत्तर आलं: "तू असतीस तर हे झालं नसतं." हे वाक्य ऐकायला मी नऊ वर्षांची असल्यापासून उंबऱ्यावर बसले आहे, वहिनी. ते आलं, तुमच्या अक्षरात आलं, आणि खाली तुमच्या चार ओळी होत्या. मला ते दुसऱ्यांदा वाचवेना.

मी मुलींसाठी पहिला धडा लिहून ठेवला होता. त्यात होतं, "शिकायला कधीच उशीर होत नाही, तुमचं शिकणं कुणी थांबवू शकत नाही." कुणी थांबवू शकत नाही! मी एका आकड्याने थांबवलं.

चष्मिशला सगळं सांगितलं. तो चष्मा न पुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "तो डबा दाखवा." कडेवरून बोट फिरवलं, भोकांतून पलीकडे बघितलं आणि म्हणाला, "दुकानातली केस मला देऊन टाका. तुम्हाला ती लागणार नाही." ती तो घेऊन गेला. जाता जाता विचारलं, "एवढी छोटी का हवी होती, ते कळलं का?" मी दप्तराच्या पेटीचं सांगितलं. दुकानात ती खोक्याएवढी केस बघून माझे हात आपोआप डोक्याकडे गेले होते, तेव्हा ध्यानात आलं नाही. मला बाबांची पेटी हवी होती. ती त्यांनी माझ्यासाठी पुन्हा करायला घेतली आणि मीच तिचं माप चुकवलं.

मग मी बाजारात जाऊन पत्रा कापायची कात्री आणली. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." तो म्हणाला, "बाई, हातमोजे पण घ्या." घेतले नाहीत आणि अंगठा कापून घेतला. पंख्याच्या बरोबर वर झाकणावर पेन्सिलने गोल काढला आणि कापायला बसले. दुपार गेली. तुमच्या त्या सरळ कडांच्या मधोमध माझा गोल एखाद्या चावलेल्या भाकरीसारखा दिसतो. पण झाकण बसलं. पंखा त्या भोकातून तीन सूत वर डोकावतो. मशीन चालू केलं, एकदा तासभर, मग अख्खा दिवस. गरम होत नाही. चष्मिश म्हणतो, या चुकीमुळे हवा बरी खेळते. मी त्याला म्हटलं, तिला चांगलं म्हणायचं नाही.

जळणं संपलं, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. बाबा तुमच्याशेजारी बसतात, खडूने रेघ मारतात, हे डोळ्यांसमोर आलं की अजून हातातलं काम सुटतं. ते तसं राहील बहुधा. तुम्ही त्यावर काही करायचं नाही. पेटी माळ्यावरून खाली काढा आणि त्यात हत्यारं ठेवा, एवढं करा. ती रिकामी ठेवण्यासाठी नाही. पुढच्या वेळी मी घरी आले की मला उंबऱ्यावर बसवू नका. कात्री कशी धरायची ते दाखवा. माझी फार डाव्या बाजूला जाते.

आता शेवटचं. हे सगळं बाबांना सांगायचं तर तुमच्या तोंडूनच सांगावं लागणार होतं आणि तुम्ही ते वाचताना मध्येच गाळलं असतं. नाही म्हणू नका. एवढी मी तुम्हाला आता ओळखते. म्हणून मी एक वेगळं पाकीट केलं, फक्त बाबांच्या नावाने. त्यात एकही शब्द लिहिला नाही. माझा तो मूळ चिठोरा आहे, त्यावर ३-६. सोबत दुसऱ्या कागदावर माझ्याच अक्षरात, तुम्हाला पाठवला होता तसाच ३-३, आणि त्यातल्या दुसऱ्या तीनावर मी लाल पेनने सहा गिरवलाय. बाबा तो एका नजरेत वाचतील. त्यासोबत झाकणातून कापून काढलेली गोल चकती. शिकलेला हात कसा कापतो, ते त्यांनी स्वतः अंगठा फिरवून बघावं. सांभाळून, असं तेवढं त्यांना सांगा. कड फार वाईट आहे.

परवा पोचेल. महिनाअखेरीला तीन दिवस उरतात.

आज सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच जाऊन दारात उभी राहिले. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट हलवून बघितलं. आतून पत्रा वाजला. "काय आहे आत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "माप." त्यांनी शिक्का मारला.

तुमची नणंद